दादरचं लसींचं क्लिनिक: पैसे घ्यायच्या आधी गोळ्यांची फाईल मागणारं

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. अर्धा स्टार जिन्याने खाल्ला आणि एक कंपाउंडरने, त्याचं पुढे सांगते. क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये कारण तिथल्या डॉक्टर मॅडमनी स्वतःच हसत सांगितलं की बाई नाव कुठे टाकू नका, आहे तीच गर्दी आवरत नाही. दादर पश्चिम, स्टेशनपासून सात-आठ मिनिटं चालत, जुनी बिल्डिंग, पहिला मजला, लिफ्ट नाही. एवढं पुरे.

आधी आमची केस सांगते म्हणजे रिव्ह्यू कशाचा आहे ते कळेल. माझ्या मिस्टरांचं २०१९ मध्ये किडनी ट्रान्सप्लांट झालं, सासूबाईंनी किडनी दिली. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ टॅक्रो, मायको आणि वायसोलोन, ठरलेल्या वेळेला, मोबाईलला अलार्म लावून. ह्या गोळ्यांचं कामच मुळी शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवायचं, नाहीतर ती आईच्या किडनीला परकं समजून तिच्यावर तुटून पडते. आता गंमत अशी की लस चालते ती ह्याच प्रतिकारशक्तीच्या जोरावर. म्हणजे एका हाताने दाबायचं आणि दुसऱ्या हाताने म्हणायचं चल उठ, कामाला लाग. त्यामुळे अशा माणसाला लस किती लागू पडते हा प्रश्न आमच्या घरात गेली कितीतरी वर्षं चालूच आहे, मुलुंड ते सीएसएमटी लोकलमध्ये हे अजून एन-९५ लावून जातात आणि ऑफिसात कोणीतरी महिन्यातून एकदा तरी विचारतंच, अहो अजून मास्क?

कोविडच्या वेळेला आम्हाला पहिल्यांदा कळलं की टोचून घेतलं म्हणजे झालं असं नसतं. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयातल्या आजारी लोकांना लस चालू झाली, त्या यादीत ट्रान्सप्लांटवाले होते, ह्यांचं वय तेव्हा ४८, डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन बीकेसीच्या जम्बो सेंटरला गेलो आणि कोविशील्ड घेतली. मग मे महिन्यात गॅप वाढवून १२ ते १६ आठवडे केला, त्यामुळे दुसरा डोस थेट जूनमध्ये. त्यानंतर ह्यांनी हट्टाने अँटीबॉडी टेस्ट केली, नेफ्रो, म्हणजे किडनीचे डॉक्टर, नको म्हणत होते तरी. रिपोर्ट आला जवळजवळ शून्य. माझ्या आणि सासूबाईंच्या भरपूर, ह्यांच्या नाहीत. दोन दिवस घरात कोणी नीट बोललं नाही.

माझी भाची एमडी करतेय, तिने तेव्हा शोधून सांगितलं की मामा एकटे नाहीत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सवाल्यांनी ६५८ ट्रान्सप्लांट पेशंट बघितले होते, एमआरएनए लसीचे दोन्ही डोस होऊनही ४६ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्याच नाहीत. आमची लस वेगळ्या जातीची होती, पण रडगाणं तेच. फ्रान्समध्ये १०१ पेशंटना तिसरा डोस दिला तेव्हा चित्र थोडं बदललं, पहिल्या डोसनंतर ४ टक्के लोकांत अँटीबॉडी, दुसऱ्यानंतर ४० टक्के, तिसऱ्यानंतर ६८. म्हणजे भिंतीवर तीनदा चुना मारावा तेव्हा कुठे रंग दिसतो तसं. अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्येच ट्रान्सप्लांटवाल्यांना तिसऱ्या डोसची परवानगी दिली. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये प्रिकॉशन डोस आला तो साठीच्या पुढच्यांना, हे ४८ चे, नियमात बसत नव्हते. एप्रिल २०२२ ला अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना खाजगीत पैसे देऊन खुला झाला तेव्हा पहिल्याच आठवड्यात जाऊन घेतला. मधले ते दहा महिने आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. नातेवाईकांच्या एका लग्नाला गेलो नाही.

आता क्लिनिककडे येते. पण त्याच्या आधी एका दुसऱ्या सेंटरचं सांगितल्याशिवाय ह्या क्लिनिकची किंमत कळणार नाही. उपनगरातलंच एक चकचकीत सेंटर, नाव नको, वेटिंगला कॉफी मशीन, भिंतीवर हसरी म्हातारा-म्हातारी, आणि मोठ्यांसाठी लसींचं पॅकेज. काउंटरवरच्या मुलीने टॅबवर दोनच प्रश्न विचारले, वय किती आणि कशाची ॲलर्जी आहे का. बस्स. गोळ्या कुठल्या चालू आहेत हे विचारलंच नाही. पॅकेजच्या यादीत फ्लू, न्यूमोनिया, टायफॉइड, आणि खाली एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची) आणि कांजिण्या. मी ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण ट्रान्सप्लांटच्या वेळेला कोऑर्डिनेटर ताईंनी दिलेल्या पिवळ्या वहीत पहिल्या पानावर जाड अक्षरात आहे की जिवंत लस घ्यायची नाही. एमएमआर जिवंत, कांजिण्यांची जिवंत, पिवळ्या तापाची जिवंत, नाकात मारायची फ्लूची पण जिवंत. म्हणजे त्यात जंतू मेलेला नसतो, नुसता अशक्त केलेला असतो, धडधाकट माणसाचं शरीर त्याला सहज गुंडाळतं, पण ज्याची प्रतिकारशक्ती आपणच गोळ्यांनी बांधून ठेवलीय त्याच्यात तो अशक्त जंतू डोकं वर काढू शकतो. मी त्या मुलीला सांगितलं तर ती म्हणते, मॅडम पॅकेजमधून एखादी वगळता येईल पण रेट तोच राहील. आम्ही उठलो. कॉफी पण घेतली नाही.

मग ह्यांच्या डायलिसिसच्या काळातल्या एका मित्राने दादरचा हा पत्ता दिला. मे २०२४. तेव्हा परिस्थिती अशी की डिसेंबरमध्ये ह्यांना रिजेक्शनचा झटका येऊन गेलेला, म्हणजे शरीर नव्या किडनीवर उलटलेलं, प्लाझ्मा बदलला आणि जानेवारीत रिटुक्सिमॅब दिलेलं. किडनी वाचली, क्रिएटिनिन बऱ्यापैकी खाली आलं, पण घाबरलो होतो आणि आता काय मिळेल ते सगळं टोचून घेऊया असा आमचा मूड होता. फ्लू, न्यूमोनिया, नागीण, सगळं एका दिवसात. पैसे पण काढून नेले होते.

एक तास चाळीस मिनिटं बसलो. अपॉइंटमेंट असूनही. कंपाउंडर काका फोनवर क्रिकेटचा स्कोर बघत होते आणि नंबर विचारला की "बसा, बोलवू" एवढंच, वर बघायचं पण नाही, सासूबाईंना गुडघ्यामुळे खुर्ची बदलून पाहिजे होती तर म्हणाले खुर्च्या सगळ्या सारख्याच आहेत. एक स्टार इथे गेला. क्लिनिकचा फोन पण कधी उचलत नाहीत, आदल्या दिवशी अकरा वेळा लावला होता.

पण आत गेल्यावर मॅडमनी पहिलं वाक्य काय बोललं तर "गोळ्यांची फाईल दाखवा." वय-बिय नंतर. साठीच्या पुढच्या असतील, चष्मा कपाळावर, फाईल उलट्या बाजूने वाचायला लागल्या. टॅक्रोची शेवटची लेव्हल किती, मायकोचा डोस किती, मागच्या सहा महिन्यांत रिजेक्शन झालं का, कुठलं इंजेक्शन दिलं. रिटुक्सिमॅबच्या कागदावर येऊन थांबल्या आणि तारखेवर पेनने गोल केला. म्हणाल्या, आज फक्त फ्लू, बाकीचं ऑगस्टमध्ये या.

ह्यांचं तोंड पडलं. म्हणाले, मॅडम आम्ही मुलुंडवरून आलोय, पैसे पण आणलेत. तर त्या म्हणाल्या, पैसे आणलेत म्हणूनच सांगतेय, वाया घालवू नका. आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी तसंच्या तसं सांगते कारण गेल्या इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरने इतकं सरळ सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, तुम्ही मुंबईचे ना, दहीहंडी बघता ना, मग लस म्हणजे गोविंदा पथकाचा सराव समजा. खरी हंडी म्हणजे आजार, ती कधी फुटायला येईल माहीत नाही, म्हणून आधी सराव. ट्रान्सप्लांटवाल्यांचं पथकच लहान, त्यात मायकोमुळे नवीन पोरं भरती होत नाहीत, कारण ते औषध त्या पेशींना वाढूच देत नाही आणि लस टोचल्यावर नेमक्या त्याच पेशी वाढायला हव्यात. तरी सराव केला तर आठ थर नाही पण चार थर लागतात, आणि कधीकधी चार थरात पण काम भागतं. पण रिटुक्सिमॅबचं वेगळं आहे, त्याने अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशीच साफ होतात. म्हणजे अर्धं पथक गावी गेलंय. गावी गेलेल्यांचा सराव कसा घेणार? ते परत यायला सहा महिने तरी लागतात. तोपर्यंत थांबा.

मग फ्लू का आज, असं मी विचारलं. तर म्हणाल्या पाऊस थांबणार आहे का तुमच्यासाठी? मुंबईत फ्लूची साथ पावसाबरोबर येते, जून-जुलैत कोपऱ्यावर उभी असते, त्यामुळे फ्लूची लस अर्धीमुर्धी लागली तरी आत्ताच घ्यायची, बाकीच्यांना घाई नाही. आणि अर्धीमुर्धी म्हणजे अगदीच वाया नाही, ट्रान्सप्लांटवाल्यांत लस घेतलेल्याला फ्लू झाला तरी न्यूमोनिया आणि आयसीयूपर्यंत जायचं प्रमाण कमी दिसलंय. मग आमच्याकडे वळल्या. म्हणाल्या, ह्यांना अर्धी लागणार, म्हणून तुम्हा सगळ्यांना पूर्ण लागली पाहिजे. मला, सासूबाईंना आणि मुलाला पण फ्लूचं इंजेक्शन. घरातल्या चौघांपैकी तिघांनी फ्लू घरात आणलाच नाही तर चौथ्याची निम्मी लढाई तिथेच संपली.

इथे एक सांगते. मॅडमनी प्रत्येक वेळेला बाटली किंवा भरलेली सिरिंज आधी आमच्या हातात दिली, नाव वाचा, एक्सपायरी वाचा, मग टोचणार. त्याच्यावरचं स्टिकर काढून वहीत चिकटवतात, बॅच नंबरसकट. मागे छोट्या खोलीत दोन फ्रिज, बाहेर थर्मामीटरचा आकडा लाल दिव्यात, शेजारी कागद ज्यावर सकाळ-संध्याकाळचं तापमान हाताने लिहिलेलं, लस दोन ते आठ डिग्रीतच पाहिजे म्हणून. इन्व्हर्टर आहे. मी विचारलं बाहेरून केमिस्टकडून आणली तर स्वस्त पडेल का, तर म्हणाल्या मे महिन्यात मुलुंडहून पिशवीतून आलेली लस मी टोचत नाही, थर्मास आणला तरी नाही. स्पष्टवक्त्या आहेत. काहींना उद्धट वाटतील.

आमच्या आधी भांडुपच्या एक काकू होत्या, त्यांना सांधेवात, मेथोट्रेक्सेट चालू, ती पण प्रतिकारशक्ती दाबणारीच गोळी. त्यांना फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट बंद ठेवायला सांगितलं, तेसुद्धा त्यांच्या सांधेवाल्या डॉक्टरला फोन लावून, त्यांची हो मिळवून. त्याने लस जास्त चांगली धरते म्हणे. हे ऐकून आमच्या ह्यांच्या डोक्यात लगेच किडा, बाहेर येऊन मला म्हणतात मग मी पण दोन आठवडे मायको थांबवू का? मी परत आत गेले. मॅडम चक्क ओरडल्या. तुमच्या गोळ्या आणि त्यांच्या गोळ्या एक नाहीत, त्यांचा सांधा थोडा दुखेल, तुमची आईने दिलेली किडनी जाईल, नेफ्रोला न विचारता एक गोळी सुद्धा हलवायची नाही. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. हे गप्प.

ऑगस्टमध्ये परत गेलो. तेव्हा न्यूमोनियाची पहिली, तेरावाली कॉन्ज्युगेट, म्हणजे त्या जंतूच्या तेरा प्रकारांवरची. दुसरी तेवीसवाली किमान आठ आठवड्यांनी, ती ऑक्टोबरच्या शेवटी झाली, आणि पाच वर्षांनी परत एकदा. ह्याबद्दल फार काही लिहिण्यासारखं नाही, दंड दुखला, दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले.

हेपॅटायटिस बीचं मात्र लिहायला पाहिजे कारण इथे तरी आकडा कळतो. डायलिसिसच्या वेळेला ह्यांना डबल डोस दिले होते, ४० मायक्रोग्रॅमचे चार, शून्य, एक, दोन आणि सहाव्या महिन्यात, कारण डायलिसिसवाल्यांना साधा डोस नीट लागत नाही. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण, बघायचं, १० च्या वर आलं तर पास. ह्यांचं आठ आलं. आठ! दोन मार्कांनी नापास. सगळे परत घ्यायला लागले तेव्हा कुठे शेहेचाळीस. मॅडमनी परत टायटर काढायला लावलं तर आता सहावर आलेलं, मग बूस्टर. मी विचारलं कोविडला अँटीबॉडी बघू नका म्हणता आणि इथे तुम्हीच बघायला लावता, हे कसं? तर म्हणाल्या इथे दहाचा आकडा वर्षानुवर्षं तपासलेला आहे, त्याच्या वर असलात की संरक्षण आहे असं म्हणता येतं, कोविडमध्ये अशी पक्की रेषा कोणी आखलेली नाही, शिवाय अँटीबॉडी हा अर्धाच हिशोब, टी-पेशी नावाचं दुसरं पथक असतं ते त्या टेस्टमध्ये दिसतच नाही. मग २०२१ चे आमचे ते दोन दिवस फुकट गेले म्हणायचे.

आता नागीण. खरं तर ह्याच्यासाठीच आम्हाला लस पाहिजे होती. ह्यांच्या डायलिसिसच्या ग्रुपमधल्या एकाला ट्रान्सप्लांटनंतर नागीण उठली, कंबरेच्या डाव्या बाजूने, फोड गेले पण आग महिनोन्‌महिने राहिली, माणूस शर्ट घालू शकत नव्हता. आमच्या चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांनी तर घाबरवूनच सोडलं होतं की नागिणीचं तोंड आणि शेपटी कंबरेभोवती एकत्र आली की माणूस गेला, आणि मंत्र टाकून उतरवणारा एक जण भायखळ्याला आहे त्याच्याकडे जा. मॅडम ह्यावर हसल्या नाहीत, नीट सांगितलं की ही लहानपणच्या कांजिण्यांचीच पिल्लावळ, विषाणू मज्जातंतूत झोपून राहतो आणि प्रतिकारशक्ती ढिली पडली की एका मज्जातंतूच्या पट्ट्याने बाहेर येतो, पट्टा शरीराच्या मध्यावर संपतो म्हणून सहसा तोंड-शेपटी भेटतच नाही. पण ह्यांच्यासारख्यांत एका पट्ट्यावर न थांबता सगळीकडे पसरू शकते, खरी भीती ती.

लस म्हणजे शिंग्रिक्स. भारतात २०२३ मध्ये आली. ह्याच्या आधीची जी परदेशात होती ती जिवंत होती, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांनाच चालत नव्हती, असली तऱ्हा. ही जिवंत नाही, विषाणूचं नुसतं एक प्रोटीन आहे आणि सोबत प्रतिकारशक्तीला ढोसणारा मसाला. त्या मसाल्यातला एक भाग चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून येतो, पाण्यात घातली की फेस येणारी साल, आपल्या रिठ्यासारखी. मला हे फार आवडलं, घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या मग शिकेकाई पण घालायची की.

लागू किती पडते? मी हे मॅडमना थेट विचारलं कारण दोन डोसचे मिळून वीस हजारांच्या वर जातात आणि इन्शुरन्स एक पैसा देत नाही. त्यांनी जे सांगितलं ते भाचीने नंतर ताडून बघितलं. पन्नाशीच्या पुढच्या धडधाकट लोकांत ९७ टक्क्यांच्या वर. स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट झालेल्या १८४६ लोकांवर मोठी ट्रायल झाली त्यात ६८ टक्के. किडनीवाल्या २६४ जणांवर जी झाली त्यात नागीण किती कमी झाली हे मोजलं नाही, शरीराने प्रतिसाद दिला का ते मोजलं, तर ८० टक्क्यांनी दिला, आणि महत्त्वाचं म्हणजे खरी लस टोचलेल्यांत आणि नकली टोचलेल्यांत रिजेक्शनचं प्रमाण सारखंच होतं. आमची सगळ्यात मोठी भीती तीच होती की हा मसाला किडनीविरुद्ध पण भडकवेल का. हे म्हणाले, सत्त्याण्णवच्या जागी अडुसष्ट म्हणजे डिस्टिंक्शनवरून फर्स्ट क्लास. मी म्हटलं तुमचं कॉलेजचं मार्कशीट आहे माझ्याकडे, फर्स्ट क्लासला नावं ठेवू नका.

पहिला डोस सप्टेंबरमध्ये, गणपती विसर्जन झाल्यावर, मुद्दाम. त्या रात्री ताप १०१. ट्रान्सप्लांटवाल्या घरात १०१ म्हणजे काय ते ज्याच्या घरी पेशंट आहे त्यालाच कळेल, मी बॅग भरायला घेतली होती. पण मॅडमनी आधीच वहीत लिहून दिलं होतं की ताप, अंगदुखी, दंड लाल होणं हे होणारच, दोन दिवसांत उतरला पाहिजे, नाही उतरला किंवा लघवी कमी झाली तर लसीचं समजून बसू नका, नेफ्रोला फोन. सकाळी ताप उतरला. त्यांनी न्यूमोनियाची आणि नागिणीची एकाच दिवशी द्यायचं टाळलं ते ह्याचसाठी, एकत्र देता येतात पण ताप आला तर कोणाचा ते कळलं पाहिजे. दुसरा डोस धडधाकट लोकांना दोन ते सहा महिन्यांनी असतो, ह्यांच्यासारख्यांना एक-दोन महिन्यांतच देतात. आता इथे परत क्लिनिकची बोंब. नोव्हेंबरमध्ये गेलो तर स्टॉक नाही. फोन करून कळवायचं तर नाही! परत गेलो, परत नाही. तिसऱ्या खेपेला डिसेंबरच्या सुरुवातीला मिळाला. उशीर झाला तर पहिल्यापासून घ्यावं लागत नाही म्हणाल्या, पण मुलुंड-दादर दोन फेऱ्या फुकट त्याचं काय? कंपाउंडर काका तेव्हा पण म्हणाले, बसा.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट खटकते ती मॅडमना पण बोलून दाखवली. लसीच्या मोठ्या ट्रायल होतात त्यात आमच्यासारखे पेशंट आधीच वगळलेले असतात, कोविडच्या लसींचं पण तेच झालं, सगळे आकडे धडधाकट लोकांचे, आणि आम्ही नंतर मागून चाचपडत शोधायचं आपल्याला किती लागू. त्या म्हणाल्या, इथून जवळच परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे ना, ती ज्याच्या नावाची त्या हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, तो पण छत्तीस वर्षांचा तगडा माणूस होता. पेशंटचा नंबर नेहमी नंतरच लागतो. त्यांच्या आवाजात थकवा होता, का मलाच तसं वाटलं.

अजून एक दोन गोष्टी ज्या दुसरीकडे कोणी सांगितल्या नसत्या. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवरची साथ आली होती तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की हे गोवरची लस घेऊ शकत नाहीत मग काय. मॅडम म्हणाल्या हे घेऊ शकत नाहीत पण घरातले घेऊ शकतात, घ्यायलाच पाहिजेत. मुलाला लहानपणी कांजिण्या पण झाल्या नव्हत्या आणि लस पण राहिली होती, त्याला दोन डोस दिले, फक्त अंगावर पुरळ आलं तर बाबांपासून लांब झोपायचं. आलं नाही. दुसरं, नणंदेचं तीन महिन्यांचं बाळ राहायला येणार होतं, त्याला सरकारी दवाखान्यात पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस दिलेलं, ह्या दोन्ही जिवंत आणि बाळाच्या शीमधून काही आठवडे विषाणू बाहेर पडतो. पोलिओच्या थेंबांचं तर ट्रान्सप्लांटवाल्या घराला जास्तच सांभाळायचं, म्हणून ताजे थेंब पाजल्यावर काही आठवडे मुक्काम पुढे ढकललेला बरा म्हणाल्या, आणि आल्यावर ह्यांनी बाळाचं डायपर बदलायचं नाही, बाकीच्यांनी हात साबणाने धुवायचे. ह्यांनी हे वाक्य वहीत स्वतःच्या हाताने लिहून घेतलं, दोनदा अधोरेखित. जसं काही आमच्या मुलाच्या वेळेला ह्यांनी डायपर बदलून बदलून हात झिजवले होते! नणंद पुढच्या महिन्यात आली.

फी बद्दल. कन्सल्टिंग वाजवी, लस छापील किमतीला, वर टोचायचे वेगळे नाहीत. पहिल्या दिवशी आमच्याकडून चार फ्लूचे आणि एकदाच फी घेतली, तासभर बोलून. जीपे चालत नाही, कॅशच लागते, खाली उतरून डावीकडे एटीएम आहे. जिना खडा आहे आणि कठडा हलतो, गुडघ्यावाल्यांना एक माणूस सोबत पाहिजे. टॉयलेट नाही, आणि टोचल्यावर वीस मिनिटं बसवतात, तेव्हा आधीच उरकून या. सोमवारी जाऊ नका. फाईल, गोळ्यांच्या स्ट्रिप, शेवटचे रिपोर्ट घेऊन जा, नाहीतर मॅडम तोंड न उघडता परत पाठवतील. ट्रान्सप्लांट व्हायचं असेल अजून तर आधीच जा, कारण जिवंत लसी तेव्हाच घेता येतात, ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी, आणि बाकीच्या पण डायलिसिसवर असताना नंतरपेक्षा बऱ्या लागतात. आम्हाला २०१८ मध्ये हे कोणी सांगितलं असतं तर, जाऊ दे.

पुढचा फ्लूचा डोस परत मे महिन्यात आहे, चौघांचा. कंपाउंडर काकांनी रजिस्टरमध्ये ट्रान्सप्लांट माझ्या नावापुढे लिहून ठेवलंय आणि ह्यांच्यापुढे लिहिलंय निरोगी, ते ह्या खेपेला समोर उभं राहून बदलून घ्यायचंय.